राधेला ऊन लागू नये म्हणून

"आनी नुसता वरवर फासू नको. कानशिलापास्ना हनवटीपर्यंत, मानेपर्यंत चोळ. गेल्या साली माज्या पोराची कातडी उकडलेल्या बटाट्यागत सुटली होती," असं बजावत चिमाबाईंनी सुनेच्या हातात करवंटी ठेवली.

करवंटीत मुठेलाचा पांढरट गोळा होता. कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं हे घट्ट तेल चिमाबाई दरवर्षी घरीच करायच्या. टाचांच्या भेगांना तेच, फुटलेल्या ओठांना तेच, तान्ह्या पोरांच्या अंगाला आणि म्हशीच्या सडांनाही तेच. आज ते त्यांच्या मुलाच्या तोंडाला लागायचं होतं, आणि तेही रंगवलेल्या तोंडाला.

"रंगावरनंच लावायचा?" राहीने विचारलं.

"मग काय धुऊन लावनार? येडी काय गो तू? सहाणेवर एकदा राधेचा तोंड रंगला, की पालखी बसंपर्यंत त्येला पानी लावत नाय. देवाचा हाय ता."

"आनी रंग पुसला गेला तर?"

"तर वरनं सारखा कर. दर खळ्यात लाव. नाच झाला की लाव, बसला की लाव. ऊन काय एकदाच लागता?"

राहीने मान डोलावली. वरून ती शहाण्या सुनेसारखी गंभीर होती, पण आतून तिला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. कारण ज्या तोंडाला मुठेल लावायचं होतं ते तोंड तिच्या नवऱ्याचं होतं, आणि ते तोंड कसं आहे हे ती साफ विसरली होती.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण त्यात बिचारीचा दोष तरी काय? वैशाखात लग्न झालं. लग्नात केरूच्या तोंडावर मुंडावळ्या, हिची नजर आपल्या पायाच्या अंगठ्यावर. पुढे आठवडाभर दिवसा घर पाहुण्यांनी भरलेलं आणि रात्री दिवा मालवलेला. तेवढ्यात गिरणीतली रजा संपली आणि केरू बोटीने मुंबईला गेला. गणपतीला त्याला सुट्टी मिळाली नाही. जोडीने फोटो काढायला रत्नागिरीला जायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं. अंधारात ऐकलेला त्याचा आवाज राहीला पक्का आठवत होता. तो हसताना आधी नाकातून फुस्स करायचा, तेही आठवत होतं. चेहरा मात्र कितीही डोळे मिटले तरी येईना. आता शिमग्याला तो यायचा होता आणि शिमगा संपला की लगेच परत जायचा होता. मधले सगळे दिवस तो राधा होऊन गावभर नाचणार, म्हणजे तोंडावर बोटभर सफेदा. राहीला एवढंच हवं होतं, की तो जायच्या आधी एकदा त्याचं तोंड नीट बघायला मिळावं.

त्रेपन्न सालचा तो शिमगा. पालखीबरोबर नाचगाण्याचे जे खेळे निघायचे, त्यांतली राधा उभी करायचा मान राहीचे सासरे भिकाजी यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. घरातला पुरुष उभा राहिला नाही, तर मान दुसऱ्या घराकडे जाणार. भिकाजींनी स्वतः पंचवीस वर्षं राधा नाचवली होती. नाचता नाचता एका साली ते गुडघा धरून खाली बसले, रत्नागिरीच्या डॉक्टरने नाच बंद करायला सांगितला आणि चिमाबाईंनी त्यांना देवासमोर शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून केरू राधा व्हायचा. आदल्या संध्याकाळी भिकाजी मुलाला आणायला बंदरावर गेले होते. भल्या पहाटे मृदंगवाल्या आत्मारामने अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून हाळी दिली, "चिमावैनी, राधा उभी राहिली गो! घोर करू नको!" म्हणजे केरू आला आणि घरी न येता थेट सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, गेला, असं चिमाबाईंनी धरलं. "आनी हे टरंक घिऊन बैलगाडीनं येत असतील मागनं. नायतर बसले असतील कुनाच्या पडवीत तंबाकू चोळत," असं म्हणून त्या पालखीच्या स्वागताच्या तयारीला लागल्या. संध्याकाळी पालखी त्यांच्याच घरी वस्तीला यायची होती.

काशीरामच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, राही पोचली तेव्हा नाच रंगात आला होता. मध्ये हिरव्या लुगड्यातली राधा, पायांत चाळ, पावलांना आळता, नाकात नथ आणि तोंड पांढरंफेक. गिरक्या मात्र अशा, की बघणाऱ्याने बघत राहावं. राहीने पदराआडून डोळे फाडफाडून पाहिलं. नाक? नथीखाली गेलेलं. गाल? सफेद्याखाली गेलेले. गाणं संपलं आणि राधा "आई गं" असा हुंकार देत आंब्याखालच्या दगडावर टेकली. मुंबईत दिवसभर यंत्रापुढे उभं राहून बिचाऱ्याचे पाय गेले वाटतं, असं राहीच्या मनात आलं आणि ती करवंटी घेऊन पुढे झाली.

आत्मारामने तिला बघितलं आणि त्याचा हात मृदंगावरच थबकला. "तू गो कशाला आलीस?"

"आत्यानी धाडलानी. राधेच्या तोंडाला मुठेल लावायचाय. उनानं भाजता."

"दे हकडं, आमी लावतो."

"नको. आत्यानी मनाच लावायला सांगितलानी."

आत्मारामने राधेकडे पाहिलं. राधेने आत्मारामकडे पाहिलं. काजळ घातलेले राधेचे डोळे बशीएवढे झाले आणि ती दगडावरून अंग चोरत पार टोकाला सरकली. बोलायची मात्र सोय नव्हती. सोंग चढल्यावर राधेने तोंडातून शब्द काढायचा नाही, असा रिवाज होता. पुरुषी आवाज फुटला की राधा कुठली राहायला? राही मनातून खूश झाली. चार माणसांत बायको जवळ आली म्हणून नवरा लाजतो, ही गोष्ट तिला फार आवडली. तिने मुठेल तळहातावर चोळून मऊ केलं आणि हलक्या हाताने राधेच्या कपाळाला, गालांना, हनवटीला लावलं.

मुठेल चांगलं होतं, पण ते भेगांसाठी चांगलं होतं. सफेद्याशी त्याची गाठ कधी पडली नव्हती. पुढच्या खळ्यात राधा उन्हात उभी राहिली आणि मुठेल वितळायला लागलं. त्याबरोबर काजळ निघालं. दोन्ही डोळ्यांखालून काळ्या धारा सुटल्या आणि गालांवरून हनवटीपर्यंत पोचल्या. नेमकं त्याच वेळी गाणं चाललं होतं ते कृष्ण मथुरेला गेला त्याचं. समोर बसलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. "अगो, बघ बघ, राधा रडते!" गंगुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा मुलगा मुंबईला होता. तिने पदर डोळ्यांना लावला. तिचं बघून दुसरीने लावला. त्या वाडीत मुंबईला कुणी नाही असं घर नव्हतं, त्यामुळे बघता बघता सगळं खळं मुसमुसायला लागलं.

"अशी राधा जन्मात बगितली नाय," गंगुबाई नाक ओढत म्हणाली. राधा मात्र डोळ्यांत मुठेल गेल्यामुळे खरोखरच रडत होती.

नाच संपल्यावर राहीने जवळून पाहिलं. नवऱ्याच्या तोंडाचं पावसातल्या भिंतीसारखं झालं होतं. पाणी लावायची बंदी. पुसावं तर उरलासुरला सफेदाही जायचा. तिने गंगुबाईच्या घरातून ओंजळभर तांदळाचं पीठ मागून आणलं आणि राधेच्या तोंडावर चांगलं थापलं. मुठेलावर पीठ असं बसलं, की विचारू नका. राधा पुन्हा पांढरी झाली, आधीपेक्षाही पांढरी.

"आता हसू नको हां राधे," आत्मारामने राधेला निरखून सांगितलं. "हसलीस की तडे जातील."

तेव्हापासून राधा गंभीर झाली. एरवी मान वेळावून हसणारी राधा त्या दिवशी न्यायाधीशासारखं तोंड करून नाचली. विश्रांतीला बसली की आणखी एक संकट यायचं. पिठाचा वास कोंबड्यांना लागला. एक तांबडी कोंबडी तर राधेच्या मांडीवर चढून हनवटीला टोचायला लागली. राधेला ओरडता येईना. ती नुसती हातवारे करत होती, आणि पोरांना वाटलं नाच परत सुरू झाला. राहीने कोंबडी हुसकली, हनवटीवरचा खड्डा पिठाने बुजवला आणि पुन्हा वरून मुठेलाचा हात फिरवला. सासूबाईंनी दर खळ्यात लावायला सांगितलं होतं.

दुपार डोक्यावर आली तेव्हा पालखी जन्नतच्या घरापुढे पोचली. जन्नतचा नवरा जहाजावर होता. पालखी तिच्या बेड्याशी, कुंपणाच्या दाराशी, दरवर्षी थांबायची, ती देवाला नारळ पाठवायची आणि खेळ्यांना कोकमाचं सरबत द्यायची. सरबताचा तांब्या घेऊन ती राधेपाशी आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अगो बाय, ही राधा हाय का घावन?"

राहीला रडू फुटायचंच बाकी होतं. "चाची, उनानं तोंड जळू नये म्हनून मुठेल लावला. तर हा असा झाला."

"मुठेलानं कुठं ऊन थांबता? थांब जरा." जन्नत आत गेली आणि काचेची एक बरणी घेऊन आली. आत पांढरं, मऊ, वासाचं काहीतरी होतं. "ह्या आमच्यांनी एडनसून आणलानी. तिकडलं ऊन आपल्यापेक्षा कडक. गोऱ्या मडमा दिसभर ह्याच चोळतात, म्हनून तर त्या गोऱ्या. लाव सगळा. मी कुनाला दाखवू नटून?"

राधेने दोन्ही हात जोरजोराने हलवले. राहीला वाटलं, नवरा भिडस्त आहे, परक्याची वस्तू नको म्हणतो. "घ्या हो, चाची आपलीच हाय," असं म्हणत तिने अर्धी बरणी राधेच्या तोंडावर रिकामी केली. खाली सफेदा, त्यावर मुठेल, त्यावर पीठ, पुन्हा मुठेल, आणि आता वरून हे. जन्नतने घावन म्हटलं ते आत्तापर्यंत थट्टेचं होतं. आता ते खरं झालं. पुढची वाडी कातळापलीकडे होती. तापलेल्या कातळावरून चालताना ते घावन बाहेरून वाळलं आणि आतून ओलं राहिलं. राधेच्या तोंडाचा एकही भाग हलेना. डोळे तेवढे इकडून तिकडे फिरत होते, आणि त्यांत मनुष्यप्राण्याची सगळी असहायता दाटली होती.

हरिश्चंद्राच्या घरी पालखी जेवणासाठी टेकली. मंडळी पुढच्या पडवीत पानांवर बसली. राधा गोठ्याच्या सावलीला फणसाला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. जेवायला तोंड उघडायला हवं, ते उघडत नव्हतं. राही पुढे जायला लाजत होती, म्हणून ती लांबूनच बघत होती. तेवढ्यात फणसाला बांधलेलं एक वासरू उठलं, त्याने राधेचा वास घेतला आणि कानापासून नाकापर्यंत जीभ फिरवली. पीठ आणि घामाचं मीठ त्याला पसंत पडलं. राधा थकून इतकी गाढ झोपली होती, की तिला जाग येईपर्यंत वासराने एक गाल चाटूनपुसून लख्ख केला.

राही धावली. आधी वासराला ओढायला धावली, पण दोन पावलांत तिच्या ध्यानात आलं, की गाल दिसतोय. नवऱ्याचा गाल! दहा महिने ज्याच्यासाठी डोळे मिटून बसली होती, ते अर्धं तोंड तिच्यापुढे उघडं होतं. तिने खाली बसून अगदी जवळून पाहिलं.

गाल सुरकुतलेला होता. डोळ्याखाली पिशवी आली होती. गालफड बसलं होतं. हनवटीशी सफेद्याचे बारीक कण खुंटासारखे रुतून राहिले होते, ते काही केल्या निघत नव्हते. राहीला भडभडून आलं. एका सालात माणसाची ही दशा? ती इथे म्हशीचं दूध पीत होती आणि तिकडे नवरा गिरणीत झिजून म्हातारा झाला होता.

"किती झिजलाव वो तुमी," ती करवंटीत बोटं बुडवत कुजबुजली. "मुंबईत कोन जेवायला घालत नाय काय?"

राधेने डोळे उघडले आणि परत घट्ट मिटून घेतले. राही त्या गालाला हळूहळू मुठेल लावायला लागली. जवळपास आत्मारामखेरीज कुणी नव्हतं, आणि तो मृदंगाच्या वाद्या ओढत पाठमोरा बसला होता. दिवसभर तोंडाशी आलेलं राहीने शेवटी बोलून टाकलं.

"एक सांगू? कुनाला सांगू नका. मना तुमचा तोंड आठवत नाय. आवाज आठवतो. हसना आठवता. तोंड आठवाया गेला की नुसत्या मुंडावळ्या दिसतात. नवऱ्याचा तोंड इसरली म्हनजे पाप लागता काय वो?"

राधेने मान हलवून नाही म्हटलं. उरलेल्या गालावरून पिठाचं एक ढेकूळ पडलं. राहीला धीर आला.

"तुमी आता जाल. मग पुन्ना मुंडावळ्याच. ह्या बारीला जायच्या आदी मना एकदा नीट बगू द्या, मग जा. आनी... मामांचा सांगू? आत्या लय चांगल्या हायत. बोलतात, वराडतात, पन कलतं तरी. मामांची मना भीती वाटते. दहा म्हयने झाले, माज्याशी एक सबुद बोलले नायत. च्या दिला की पितात नि कप सरकवतात. भाकरी खातात नि ताट सरकवतात. करपली का बरी झाली, कायव कलत नाय. मी घरात हाय ह्या त्यांना आवडता का नाय, तेवडा तरी कुनी सांगायला व्हया होता."

मृदंगापाशी आत्मारामला खोकल्याची ढास लागली. तो तोंडावर उपरणं दाबून फणसामागे गेला, आणि बराच वेळ फणसाची पानं हलत राहिली. राधेच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं. काजळ केव्हाच संपलं होतं, त्यामुळे या वेळी ते स्वच्छ होतं. तिने हात उचलला, क्षणभर घुटमळली आणि तो राहीच्या डोक्यावर ठेवला.

राही गोंधळली. नवरा बायकोच्या डोक्यावर असा वडीलधाऱ्यासारखा हात ठेवतो, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. मुंबईची रीत असेल, असं तिने ठरवलं. पण त्या हाताने तिला इतकं बरं वाटलं, की पुढची सगळी खळी ती पालखीमागून हसत हसत फिरली. राधा दर खळ्यात शहाण्या बाळासारखी तोंड पुढे करत होती आणि राही त्यावर मुठेल थापत होती.

दिवस कलला तेव्हा पालखी भिकाजींच्या खळ्यात आली. चिमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पंचारती घेऊन उभ्या होत्या, शेजारी राही. देवाला ओवाळून झालं. मग रिवाजाप्रमाणे राधेला ओवाळायला त्या वळल्या. निरांजनाचा उजेड राधेच्या तोंडावर पडला. त्या तोंडावर दिवसभराचे सगळे थर होते, बोटांचे ठसे होते, एक कोंबडीचं पीसही होतं. ते बघून दुसऱ्या कुणाला तो माणूस आहे हेसुद्धा ओळखू आलं नसतं. चिमाबाईंनी एकदाच पाहिलं आणि त्यांचा हात थबकला.

"मिशा कुठं ठेवल्यात?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

राधेने मान खाली घातली.

"आनी गुडगं? शपत कुनासमोर घेतली होती, ह्याच देवासमोर ना? लाज नाय वाटत, ह्या वयात गिरक्या मारायला? आत या तुमी, मग बगतंय." पालखी दारात असताना राधेवर ओरडायची सोय नव्हती, म्हणून चिमाबाई हे सगळं ओवाळता ओवाळता पुटपुटत होत्या. मागच्या बायकांना वाटलं, त्या स्तोत्र म्हणतायत. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले.

राहीला आधी काहीच कळलं नाही. मग मिशा कळल्या. सासऱ्यांच्या मिशा लांबूनही दिसायच्या. तोंडाकडे तिने कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. ती त्यांना ओळखायची ती मिशांवरून आणि पावलांवरून. मिशा आज नव्हत्या आणि पावलं आळत्यात होती. मग तिला तो हुंकार आठवला, हनवटीवरचे न निघणारे पांढरे खुंट आठवले, डोक्यावरचा हात आठवला. आणि फणसाखाली आपण काय काय बोललो ते आठवताच धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. हातातली करवंटी तशीच घेऊन ती घराला वळसा घालून मागच्या दारी पळाली.

तिथे गडग्याशी एक माणूस उभा होता. डोक्यावर टरंक, कपडे धुळीने भरलेले, आणि तोंड म्हणाल तर शिजवलेल्या खेकड्यासारखं लाल. डोळे सुजून चिरा झाले होते, नाकाची साल निघाली होती.

"कोन व्हया?" राहीने घाबरून पदर ओढला.

"राधा उभी राहिली काय गो?" तो माणूस घोगऱ्या स्वरात म्हणाला. "का मान गेला आमचा?"

तोच आवाज. ती गडग्याला टेकली.

"मान हाय," ती कशीबशी म्हणाली. "मामा उभे राहिले."

"बाबा? त्या गुडग्यांवर?" केरूने टरंक खाली ठेवला आणि स्वतःही त्यावरच बसला. "वाऱ्यानं मानसं उतरवायचे पडाव बोटीला लागंनात. रत्नांग्रीची मानसं नेऊन पूर्णगडला उतरवली. सकाळपास्ना कातळावरनं चालतोय." मग त्याने सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू... राहीच ना?"

"इसरलाव?"

"नाय गो. तुजा पदर असतो ना कायम," तो म्हणाला आणि नाकातून फुस्स करून हसला. हसल्याबरोबर कातडी ताणली गेली आणि त्याने "आई गं" केलं.

राहीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पाहून तिला हसूही आलं आणि रडूही. ज्या तोंडाची इतके दिवस वाट पाहिली ते समोर आलं होतं, पण सुजून दुसऱ्याच कुणाचं झालं होतं. ते उतरायला दोनचार दिवस तरी लागणार, आणि उद्या पहाटे तर ते सफेद्याखाली जाणार. तिने करवंटीच्या तळाशी उरलेलं मुठेल बोटावर घेतलं आणि त्याच्या नाकाला लावलं.

पालखी माजघरात बसली आणि राधेच्या तोंडाला पाणी लावायची परवानगी झाली. चिमाबाईंनी नवऱ्याला न्हाणीत बसवून कोंडा, नारळाचा काथ्या आणि तोंडाचा पट्टा यांनी घासून काढलं. थरामागून थर गेले आणि आतून भिकाजी निघाले ते गुळगुळीत, मऊ आणि तेजःपुंज. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर दिवसभराच्या उन्हाचा एक डाग नव्हता. पडवीत दिव्यापुढे बाप आणि मुलगा शेजारी बसले, तेव्हा मुलगा कोणता हे पाहुण्याला विचारावं लागलं असतं.

राही दाराआड उभी होती. सासरे जेवले, ताट सरकवलं. आता ते बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील, असं तिला वाटत होतं. पण ते नेहमीसारखे गप्पच होते. शेवटी आत्मारामने विषय काढला.

"बरा झाला केरू आला ता. भिकाजी, उद्यापास्ना तू बस आता. पोरगा उभा राहील."

"व्हय," म्हणून केरू उठला. "पहाटे रंगायला बसतो मी."

"बस खाली," भिकाजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. भिकाजींनी घसा साफ केला. मिशा नसल्यामुळे त्यांचा हात ओठावरून उगाचच फिरून परत आला.

"राधा मीच. उद्याबी नि परवाबी. देव बसंपर्यंत मीच."

"आनी ह्यो?" आत्मारामने विचारलं.

"ह्यो घरात बसल. तोंड बग कसा भाजलाय त्याचा. त्याच्यावर रंग फासायचा नाय." मग दाराकडे न बघता म्हणाले, "कुनीतरी त्याच्या तोंडाकडं नीट बगायला व्हया."

"मी बगतंय की," चिमाबाई म्हणाल्या.

"तू नको. तू माज्या गुडग्यांकडं बग."

आत्मारामला पुन्हा खोकला आला आणि तो लगबगीने अंगणात गेला. चिमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि ओरडायला उघडलेलं तोंड मिटून त्या गुडघ्यांसाठी तेल गरम करायला उठल्या.

राही दाराआडून पुढे आली. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर केली आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. भिकाजी मात्र मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.